८.९० मीटर: एका उडीचा हिशेब

१८ ऑक्टोबर १९६८. मेक्सिको सिटी ऑलिंपिक, पुरुषांच्या लांब उडीची अंतिम फेरी. वाळूच्या हौदाच्या कडेला रूळ टाकून त्यावर दुर्बिणीसारखं मापनयंत्र बसवलेलं होतं. खेळाडूची वाळूतली खूण दिसली की यंत्र सरकवत तिच्यासमोर आणायचं आणि आकडा वाचायचा, अशी सोय. अमेरिकेच्या बॉब बीमनने आपली पहिलीच उडी मारली, अधिकारी यंत्र सरकवत गेले आणि खूण यायच्या आधी रूळ संपला. शेवटी साधी पोलादी टेप मागवून हातानं मोजावं लागलं.

फलकावर ८.९० आलं, तरी बीमनला काही उलगडेना. तो फूट-इंचात विचार करणारा. सहकारी राल्फ बॉस्टनने त्याला सांगितलं, ही उडी २९ फुटांच्या पुढे गेली आहे. नेमका आकडा २९ फूट अडीच इंच. ते ऐकल्यावर बीमनचे पाय गळाले, तो धावपट्टीवरच गुडघे टेकून बसला.

८.९० मीटर म्हणजे किती, ते कबड्डीच्या मैदानावर बघा. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून अंतिम रेषा साडेसहा मीटरवर असते. मध्यरेषेवरून उडालेला माणूस अंतिम रेषा ओलांडून आणखी २.४० मीटर पुढे पडला, असं धरा.

पण ही उडी नुसती लांब होती म्हणून गाजली नाही. आधीचा विश्वविक्रम ८.३५ मीटरचा होता, तो बॉस्टन आणि सोव्हिएत संघाचा इगोर तेर-ओवानेस्यान या दोघांच्या नावावर. बीमनने तो एका झटक्यात ५५ सेंटीमीटरनं मोडला. त्याच्या आधीची ३३ वर्षं पाहिली तर या ५५ चा अर्थ कळतो. १९३५ मध्ये जेसी ओवेन्सने ८.१३ मीटर उडी मारली. तिथून १९६८ पर्यंत ८.२१, ८.२४, ८.२८, ८.३१, ८.३४, ८.३५ असा विक्रम मुंगीच्या पावलांनी सरकत होता. ३३ वर्षांत सगळे मिळून २२ सेंटीमीटर! २७ फुटांचा विक्रम थेट २९ फुटांवर गेला, २८ फूट ही पायरी मधल्यामधे राहूनच गेली. बीमननंतर २८ फूट ओलांडणारा पुढचा माणूस यायला १२ वर्षं लागली: पूर्व जर्मनीचा लुट्झ डोम्ब्रोव्स्की, १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये ८.५४ मीटर.

या उडीबद्दल दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक, "तो चमत्कार होता." दुसरी, "तिथली हवा विरळ होती, त्यामुळे झालं." दोन्ही वाक्यांनी विषय तिथेच संपतो, म्हणून ती लोकांना सोयीची वाटतात. उडीचे भाग सुटे करून पाहिले तर दोन्ही अपुरी ठरतात.

मोजतात कसं

धावपट्टी किमान ४० मीटर लांब असते. तिच्या टोकाकडे जमिनीच्या पातळीत बसवलेली पांढरी फळी, धावण्याच्या दिशेत २० सेंटीमीटर रुंद. फळीची हौदाकडची कड म्हणजे टेक-ऑफची रेषा. सगळं मोजमाप या रेषेपासून, तिच्याशी काटकोनात. दुसरं टोक म्हणजे वाळूत शरीराच्या कुठल्याही भागानं उमटवलेली रेषेला सर्वात जवळची खूण. पाय नऊ मीटरवर पडले आणि तोल सावरताना हात मागे साडेआठावर टेकला, तर उडी साडेआठ मीटरचीच.

पाय रेषेच्या अलीकडे पडला तर तेवढं अंतर पाण्यात जातं. पलीकडे गेला तर फाउल, आकडाच नाही. पूर्वी रेषेपुढे प्लॅस्टिसिनची पट्टी असायची आणि तिच्यावर बुटाची खूण उमटली की फाउल ठरायचा. २०२१ पासून नियम कडक झाला: रेषेवर उभी भिंत आहे असं कल्पायचं आणि पाय जमिनीवर असताना बुटाचं टोक त्या भिंतीपलीकडे गेलं की फाउल, खूण उठो न उठो. हा वाद जुना आहे. १९८२ मध्ये इंडियानापोलिसला कार्ल लुईसची एक प्रचंड उडी, पाहणाऱ्यांच्या अंदाजानं ३० फुटांच्या आसपासची, फाउल ठरवली गेली. प्लॅस्टिसिनवर खूण नव्हती. वाळू लगेच सारखी केली गेली आणि उडी मोजलीच गेली नाही.

आणि वारा. फळीपासून २० मीटर अलीकडे, धावपट्टीलगत, १.२२ मीटर उंचीवर वारामापक असतो. खेळाडू फळीपासून ४० मीटरवरची खूण ओलांडतो तिथून पाच सेकंदांची सरासरी घेतात. पाठीमागून वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असेल तर ती उडी विक्रम म्हणून धरत नाहीत. स्पर्धा जिंकायला मात्र ती चालते. बीमनच्या उडीच्या वेळी वारा बरोबर २.० मीटर होता, म्हणजे नियमाच्या उंबरठ्यावर.

अंतर कुठून येतं

उडीचे तीन तुकडे करा. पाय फळीवरून सुटतो तेव्हा शरीराचा गुरुत्वमध्य, ढोबळमानानं बेंबीच्या खालचा भाग, फळीच्या पुढे झुकलेला असतो. हे सुमारे ४०-४५ सेंटीमीटर. शेवटी टाचा वाळूला लागतात तेव्हा त्या गुरुत्वमध्याच्या पुढे असतात. हे सुमारे अर्धा मीटर. उरलेलं सगळं अंतर मधल्या उड्डाणाचं, आणि उड्डाणाचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्रानं होतो.

साधारण पावणेनऊ-नऊ मीटरच्या उडीत फळी सुटताना पुढचा वेग सेकंदाला ९.३ मीटर आणि वरचा वेग ३.५ मीटर असतो, असं धरू. वरचा वेग गुरुत्वाकर्षणानं संपायला ०.३६ सेकंद लागतात, तेवढ्यात शरीर ६२ सेंटीमीटर वर चढतं. उतरताना त्याला जास्त खाली यायचं असतं, कारण उडताना माणूस ताठ उभा असतो आणि पडताना जवळजवळ बसलेला. ही सुमारे १.२२ मीटरची घसरण, तिला अर्धा सेकंद. एकूण ०.८६ सेकंद हवेत. गुणिले ९.३, म्हणजे जवळजवळ ८ मीटर. त्यात पुढचा-मागचा मिळून ९५ सेंटीमीटर घाला, हवेच्या विरोधाचे थोडे वजा करा, की आकडा ८.९ च्या आसपास येतो.

हे गणित जरा हलवून बघा. पुढचा वेग ०.१ मीटरनं वाढवला तर साधारण ८-९ सेंटीमीटर मिळतात. वरचा वेग तेवढाच वाढवला तर १६. मग सगळे वर का उडत नाहीत? चेंडू ४५ अंशांत फेकला की सर्वात लांब जातो हे आपण शाळेत शिकलोय, पण लांब उडीतले अव्वल खेळाडू २० अंशांच्या आसपासच उडतात. कारण फळीवर पाय फक्त ०.१२ सेकंदाच्या आसपास असतो. ताशी ३८-४० किलोमीटरनं धावणाऱ्या माणसाला एवढ्या वेळात वरच्या दिशेला फार तर ४ मीटरच्या आसपास वेग मिळवता येतो, त्यापुढे पायाची ताकद संपते. ४५ अंश हवे असतील तर पुढचा वेगही ४ वरच आणावा लागेल. म्हणजे धावतच यायचं नाही! हिशेब केला तर उड्डाण पावणेचार मीटरचं भरतं. वर मिळवलेल्या प्रत्येक तुकड्याची किंमत पुढच्या वेगात मोजावी लागते. धावत येतानाचा १०.७ चा वेग फळी सोडताना ९.३ वर उतरतो तो याच सौद्यात.

धाव: फुटपट्टी पायांत

बीमन १९ पावलांची धाव घ्यायचा. आता विचार करा, प्रत्येक पाऊल ठरल्यापेक्षा फक्त एक सेंटीमीटर लांब पडलं, तर फळीपर्यंत १९ सेंटीमीटरचा फरक पडतो. फळीच २० सेंटीमीटरची. पूर्ण वेगात, दोन मीटरपेक्षा लांब पावलं टाकत, दर पावलाला एक सेंटीमीटरची चूक न होणं हे यंत्रालाच शक्य. त्यामुळे फाउल हा बेशिस्तीचा प्रकार नाही, या खेळाच्या रचनेतच तो आहे.

धाव बसवायची ढोबळ पद्धत अशी. फळीवर उडीचा पाय ठेवून उलट्या दिशेला तोंड करायचं आणि पूर्ण लयीत धावायचं. ठरलेल्या संख्येचं पाऊल, १७ वं, १९ वं, २१ वं, जे असेल ते, कुठे पडतं ते दुसऱ्यानं बघून खूण करायची. असं सहा-सात वेळा. खुणांचा जो पुंजका होतो त्याच्या मध्यावर सुरुवातीची जागा. मग तिथून फळीकडे धावून ती पक्की करायची. फळीच्या चार किंवा सहा पावलं अलीकडे आणखी एक खूण ठेवतात. ती प्रशिक्षकासाठी असते. पाय तिथे बरोबर पडला आणि तरी फाउल झाला, तर दोष शेवटच्या पावलांत. तिथेच चुकला, तर दोष सुरुवातीच्या पावलांत, म्हणजे पहिली दोन-तीन पावलं रोजच्यापेक्षा जोरात टाकली गेली. अंतिम फेरीत हेच होतं: अंगात जोर संचारतो, सुरुवातीची पावलं लांबतात आणि माणूस फळीच्या पुढे निघून जातो.

पाठीमागून वारा असेल तर सुरुवातीची खूण मागे सरकवायची, समोरून असेल तर पुढे घ्यायची. थंडीत आणि थकव्यात पावलं आखडतात, तेव्हाही पुढे. नवख्यांना १९-२१ पावलांचा सोस नको. वेग सांभाळण्याइतकी ताकद आल्याशिवाय लांब धाव घेतली तर फळीपर्यंत येताना माणूस दमलेला असतो. शाळकरी मुलांना ९ ते ११ पावलं पुष्कळ झाली.

सगळी चूक सुरुवातीची जागा बदलून सुटत नाही. मुरलेला खेळाडू शेवटच्या चार-पाच पावलांत नजरेच्या अंदाजानं पाऊल किंचित लांब-आखूड करून घेतो, आणि तेही वेग न मोडता. नवखा फळीकडे बघत राहतो, मान खाली जाते, कंबर वाकते आणि पावलं तुटक पडू लागतात.

बीमनची नेमकी हीच दुखरी बाजू होती. १७ ऑक्टोबरच्या पात्रता फेरीत त्याच्या पहिल्या दोन्ही उड्या फाउल गेल्या. तिसरी गेली असती तर ८.९० हा आकडा कधी जन्मलाच नसता. त्या वेळी बॉस्टनने त्याला सांगितलं, की फळीच्या बऱ्याच अलीकडून उडालास तरी चालेल, तुझी ताकद तेवढी आहे. पात्रतेसाठी ७.६५ मीटर पुरेसे होते. बीमनने सांभाळून उडी मारली आणि ८.१९ काढले.

हा बॉस्टन स्वतः विश्वविक्रमवीर, १९६० चा सुवर्णविजेता आणि त्या दिवशी बीमनचा प्रतिस्पर्धी. बीमनला तेव्हा प्रशिक्षकच उरला नव्हता. तो टेक्सासमधल्या एल पासोच्या विद्यापीठाचा खेळाडू होता. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाविरुद्धच्या स्पर्धेत उतरायला काही कृष्णवर्णीय खेळाडूंनी १९६८ च्या एप्रिलमध्ये नकार दिला, कारण ते विद्यापीठ चालवणाऱ्या मॉर्मन चर्चची कृष्णवर्णीयांबद्दलची भूमिका. बीमन त्यांच्यात होता आणि त्याला संघातून काढण्यात आलं. तेव्हापासून बॉस्टनच त्याला बघत होता.

शेवटची दोन पावलं

प्रेक्षक हवेतला माणूस बघतात, प्रशिक्षक शेवटून दुसरं पाऊल बघतो. ते नेहमीपेक्षा थोडं लांब पडतं आणि त्यावर कंबर काही सेंटीमीटर खाली जाते. लगेच शेवटचं पाऊल, किंचित आखूड आणि झटपट, सपाट तळव्यानं फळीवर, शरीराच्या जरा पुढे. गुडघा जवळजवळ सरळ. पुढे धावणारं शरीर या ताठ पायावरून वर चढतं. बांबू टेकून नाला ओलांडताना जसा माणूस उचलला जातो तसं. दुसरा गुडघा आणि हात जोरात वर येतात आणि त्यांचा वेगही या उचलण्यात जमा होतो.

बिघडतं ते इथे. कंबर जास्त खाली गेली तर पाय त्या वजनाखाली दुमडतो आणि उंची मिळत नाही. शेवटचं पाऊल फार पुढे टाकलं तर ब्रेक लागतो, उंची मिळते पण वेग मरतो. फार जवळ टाकलं तर माणूस फळीवरून नुसता धावत निघून जातो: वेग शाबूत, उंची नाही. गुडघा वाकला तर सगळंच गेलं. शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार त्या क्षणी एका पायावर येतो, म्हणून या खेळात टाच, घोटा आणि मांडीमागचा स्नायू यांच्या दुखापती नेहमीच्या.

हवेत आणि वाळूत

हवेत सायकल मारल्यासारखे पाय चालवतात ते पुढे जाण्यासाठी, असा समज आहे. फळी सुटली की गुरुत्वमध्याचा मार्ग ठरून गेला. हवेत हातपाय मारून त्यात काही भर पडत नाही. मग ही कसरत कशाला? फळीवर पाय अडतो आणि धड पुढे जात राहतं, त्यामुळे शरीराला पुढे कोलांटी खाण्याची ओढ लागते. काहीच केलं नाही तर पाय मागे राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. हातपाय गोल फिरवून ती ओढ शोषून घ्यायची, म्हणजे धड ताठ राहतं आणि शेवटी पाय समोर लांब करता येतात. दुसरी तऱ्हा म्हणजे अंग ताणून लटकल्यासारखं राहायचं. शरीर जितकं लांब, तितकं ते सावकाश फिरतं.

१९७४ मध्ये न्यूझीलंडच्या तुआरिकी डेलामेरने, तो तेव्हा अमेरिकेत शिकत होता, याच्या बरोबर उलटा विचार केला. कोलांटीची ओढ रोखायची कशाला? घ्यावी की कोलांटी! त्याने स्पर्धेत हवेत पूर्ण कोलांटी मारून उडी घेतली. मान मोडायच्या भीतीनं जागतिक संघटनेनं या प्रकारावर बंदी घातली. कल्पना मात्र भौतिकशास्त्राला धरून होती.

वाळूत टाचा पडल्या की गुडघे लगेच दुमडायचे आणि कंबर टाचांनी केलेल्या खड्ड्यात किंवा त्याच्या बाजूनं पुढे घसरवायची. पाय फार लवकर खाली आणले तर पंधरा-वीस सेंटीमीटर हवेतच राहून जातात. फार उशिरापर्यंत वर धरले तर माणूस मागे बसतो आणि मोजणी बैठकीपासून होते. बीमन त्या दिवशी इतक्या वेगात पडला, की वाळूतून उसळून हौदाबाहेर गेला.

विरळ हवेचा वाटा किती

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २२४० मीटर उंचीवर आहे आणि तिथल्या हवेची घनता समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे पाचव्या भागानं कमी. धावताना हवा कमी अडवते. १०० मीटर, २०० मीटर, ४०० मीटर, पुरुषांच्या तिन्ही शर्यतींत त्या ऑलिंपिकमध्ये विश्वविक्रम झाले ते उगाच नाही: जिम हाइन्स ९.९५ सेकंद, टॉमी स्मिथ १९.८३, ली एव्हन्स ४३.८६. तिहेरी उडीचा विक्रम तर एकाच स्पर्धेत पाच वेळा सुधारला. ऑलिंपिकमध्ये सिंथेटिक धावपट्टी पहिल्यांदा वापरली गेली तीही इथेच. ओवेन्सच्या वाट्याला कोळशाच्या राखेची पट्टी होती.

आता आकडे लावू. १० सेकंदांत १०० मीटर धावणाऱ्याला २ मीटरच्या वाऱ्यानं सुमारे ०.१० सेकंदाची मदत होते. एवढ्या उंचीची मदत त्याहून थोडी कमी. विरळ हवेत वाऱ्याचा धक्काही विरळ, म्हणून दोन्ही मिळून ०.१५ च्या आसपास धरू. म्हणजे वेगात दीड टक्का, सेकंदाला साधारण ०.१६ मीटर. मघाच्या हिशेबानं हे १४ सेंटीमीटर. उड्डाणात हवा कमी अडवते त्याचे थोडे, आणि जास्त वेगामुळे फळीवर थोडी जास्त उंची मिळते त्याचे थोडे. वीसपर्यंत जाऊ. उदार मनानं तीस द्या. ८.९० मधून तीस वजा केले तरी ८.६० उरतात, जुन्या विक्रमापेक्षा पाव मीटर जास्त.

शिवाय ती हवा सगळ्यांनाच होती. तेर-ओवानेस्यानने ८.३५ ची बरोबरी केली ती १९६७ च्या ऑक्टोबरमध्ये मेक्सिको सिटीतच. बॉस्टनने पात्रता फेरीत ८.२७ मारली तीही तिथेच. अंतिम फेरीत रौप्य मिळालं ८.१९ ला, पूर्व जर्मनीच्या क्लाउस बेअरला. बॉस्टन ८.१६, तेर-ओवानेस्यान ८.१२. बीमनच्या उडीनंतर पाऊस आला आणि त्याचा फटका बाकीच्यांना बसला हे खरं, पण पावसानं ७० सेंटीमीटर खाल्ले असं कोणी म्हणणार नाही.

मग उरलेले सेंटीमीटर कुठून आले? मला तरी त्यात गूढ दिसत नाही. त्या वर्षी बीमन २३ पैकी २२ स्पर्धा जिंकून आला होता. नियमात बसणारी त्याची सर्वोत्तम उडी ८.३३ होती, जास्त वाऱ्यातली ८.३९. वेग त्याच्याकडे आधीपासून होता, उसळीही होती; नव्हता तो पावलांचा भरवसा. त्या एका उडीत पाय फळीवर बसला, फळीआधीची दोन्ही पावलं जमली, वारा नियमाच्या टोकाशी होता, हवा विरळ होती आणि लँडिंगमध्ये काही सांडलं नाही. एकेक गोष्ट दहा-पंधरा सेंटीमीटरची. त्यातल्या चार जमल्या तर आपण "चांगली उडी" म्हणतो. सगळ्या जमण्याचा योग त्याच्याही वाट्याला परत आला नाही. त्याच दिवशी दुसरी उडी ८.०४ ची झाली, मग त्याने उरलेल्या सोडून दिल्या. त्यानंतर तो कधी ८.२२ च्या पुढे गेला नाही.

पदक घेताना त्याने ट्रॅकसूटचे पाय दुमडून काळे मोजे दाखवले आणि बॉस्टन अनवाणी उभा राहिला. टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी काळे हातमोजे घातलेल्या मुठी उंचावल्या त्याला दोनच दिवस झाले होते. अमेरिकेच्या कृष्णवर्णीय खेळाडूंचं या हौदाशी नातं जुनं आहे. वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू डीहार्ट हबर्ड, १९२४ चं पॅरिस, तोही लांब उडीतच. आणि ओवेन्सची ८.१३ ही २५ मे १९३५ ला ॲन आर्बरमध्ये, पाठ दुखत असताना, त्या दिवसातली त्याची एकमेव उडी. त्याच पाऊण तासात त्याने धावण्याच्या शर्यतींतले विक्रमही मोडले. ती उडी २५ वर्षं टिकली, आणि मोडली ती बॉस्टनने.

टोकियो, १९९१

बीमनचा विक्रम मोडला ३० ऑगस्ट १९९१ ला, जागतिक स्पर्धेत. समोरासमोर दोन अमेरिकन होते. कार्ल लुईस: लांब उडीत सलग ६५ स्पर्धा अजिंक्य, आणि पाचच दिवसांपूर्वी १०० मीटरमध्ये ९.८६ सेकंदांचा विश्वविक्रम. माइक पॉवेल: लुईसला कधीच न हरवलेला. मघाचा वेग आणि उंचीचा सौदा इथे दोन माणसांच्या रूपात दिसतो. लुईस जास्त वेगवान, कोन १८-१९ अंशांचा, सपाट. पॉवेल किंचित हळू, पण २३ अंशांच्या आसपास वर चढणारा.

लुईसच्या त्या दिवशीच्या उड्या बघा: ८.६८, फाउल, ८.८३, ८.९१, ८.८७, ८.८४. यातली ८.९१ बीमनपेक्षा लांब होती, पण वारा २.९, विक्रम नाही. पाचव्या फेरीत पॉवेलने ८.९५ मारली. वारा होता फक्त ०.३, आणि टोकियो समुद्रकाठी. विरळ हवेशिवाय, जवळजवळ वाऱ्याशिवाय! त्यानंतर लुईसने समोरून ०.२ वारा असताना ८.८७ मारली, माझ्या मते त्या संध्याकाळची तांत्रिकदृष्ट्या सर्वात भारी उडी तीच. तरी तो हरला.

८.९० हा आजही ऑलिंपिक विक्रम आहे आणि ८.९५ हा विश्वविक्रम. ज्याच्या पायात ९.९ सेकंदांचा वेग आहे तो आज घोटे पणाला लावून फळीवर आदळायला येत नाही. शर्यतीत पैसा जास्त आणि जोखीम कमी. आणि जे येतात त्यांना उंची, वारा आणि पाऊल एकाच वेळी सापडत नाही.

खुद्द पॉवेलने १९९२ मध्ये ८.९९ मारली, इटलीतल्या सेस्ट्रिएरला, २०३५ मीटर उंचीवर. वारा निघाला ४.४. तीन वर्षांनी त्याच मैदानावर क्युबाच्या इव्हान पेड्रोसोने ८.९६ मारली, विश्वविक्रमापेक्षा एक सेंटीमीटर पुढे. वारामापकावर १.२, म्हणजे नियमात. ही स्पर्धा विश्वविक्रम करणाऱ्याला फेरारी गाडी देत असे. पण पेड्रोसो धावत असताना एक माणूस धावपट्टीलगत, वारामापकाच्या अगदी समोर उभा होता. त्याच्या अंगाआडून नोंदलेला १.२ कोणी खरा धरला नाही, आणि ती उडी विक्रमांच्या यादीत गेली नाही.